तळटीप क्रमांक नऊ

दर फेब्रुवारीत तळटीप क्रमांक नऊ माझ्याकडे येते:
खटले, दावे, दीर्घ मुदतीच्या खरेदीची बांधिलकी.
वकिलांच्या मजल्यावरून आकडे येतात
पिवळ्या कागदावर, पेन्सिलीने,
म्हणजे वेळ आली तर खोडता येतील असे.

विचिटातल्या ह्या इमारतीत, आठव्या मजल्यावर,
गॅसचा वास येत नाही.
तसा तो मुळात कुठेच येत नाही.
वास आपण मागाहून घालतो,
काही निसटतंय हे माणसांना कळावं म्हणून.
करारांत घालायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

सत्त्याहत्तरच्या हिवाळ्यात शाळांना कुलपं लागली,
कारखान्यांतल्या भट्ट्या विझल्या,
आणि आमची माणसं नवे बूट घालून
पश्चिमेकडच्या गव्हाच्या शेतांतून हिंडली.
डेल्बर्टच्या स्वयंपाकघरातही आली. डेल्बर्ट माझा थोरला भाऊ.
मेणकापडावर कागद पसरले,
रूबार्बच्या पायचा दुसरा तुकडा नको नको म्हणत घेतला.
त्याची सही, ड्रिलिंगवाल्याची सही, आमची सही.
वीस वर्षं. भाव दर वर्षी चढता.
सगळ्याचं सार एका ओळीत: घ्या, नाहीतर पैसे द्या.

मग भाव पडला.
का पडला हे सांगणारे पुष्कळ आहेत, मी टाइप करते.

आता आडात आहे आणि पोहरा बांधून ठेवलाय.
डेल्बर्टच्या विहिरीचा व्हॉल्व्ह तीन वर्षं बंद,
चाकावर पक्ष्यांनी घरटं केलंय,
आणि खाली, अर्ध्या मैलावर,
न घेतलेला गॅस आहे तिथेच आहे,
आमच्या नावावर,
आम्ही भरत असलेल्या पैशांत.
नंतर तेही भरेनासे झालो.
ड्रिलिंगवाल्याने दावा लावला, तडजोड झाली,
रकमेतली शून्यं मी दोनदा मोजली.

त्या रकमेत आठवा हिस्सा माझा, डेल्बर्ट म्हणाला.
वकील म्हणाले, हिस्सा निघालेल्या गॅसमध्ये असतो,
इथे काही निघालंच नाही.
न निघालेल्याचे पैसे देता येतात
तर त्यातला वाटा का देता येत नाही,
असं तो कोर्टात विचारणार होता.
त्याआधी मला विचारलंन,
चर्चच्या पायऱ्यांवर, टोपी हातात धरून.
मी म्हणाले, मी फक्त टाइप करते.

दावा ड्रिलिंगवाल्यावर आणि आमच्यावरही.
तेव्हापासून तो डावीकडच्या बाकांवर बसतो.
त्याचा खालचा सूर आता पलीकडून येतो,
आणि चार सुरांच्या भजनात माझ्या बाजूला
एक जागा मोकळी ऐकू येते.

करारात आणखी एक कलम आहे, लोक विसरतात ते.
पैसे भरून न घेतलेला गॅस
पाच वर्षांच्या आत उचलता येतो.
त्यानंतर हक्क बुडतो.
हे चौथं वर्ष.

आज टीप पूर्ण केली.
"काही जमीनमालकांनीही दावे दाखल केले आहेत."
काही जमीनमालक.
त्यातल्या एकाने मला सायकल शिकवली,
एकाच्या गुडघ्यावर माझ्यामुळे पडलेला व्रण आहे,
आणि हे दोघे एकच.
"व्यवस्थापनाच्या मते ह्या दाव्यांचा
कंपनीच्या स्थितीवर लक्षणीय परिणाम होणार नाही."
हे वाक्य दरवर्षी तेच असतं.
यंदा 'लक्षणीय' दोनदा चुकलं,
पांढरा रंग लावला, फुंकर मारली,
वाळेपर्यंत थांबले.

घरी आले तेव्हा कपाटात, वरच्या फळीवर,
काचेचं एक चौकोनी भांडं दिसलं.
चर्चच्या जेवणातून कधीतरी चुकून माझ्याकडे आलेलं.
उलटं करून पाहिलं.
तळाला चिकटपट्टी, तिच्यावर निळ्या शाईत
भावजयीचं अक्षर: श्राग.
माहेरचं माझंही तेच.

रिकामं परत करू नये म्हणतात.
फ्रीजरमध्ये रूबार्ब आहे, गेल्या मे महिन्यातला.